पंचक लागायच्या आत

आमची घरमालकीण वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं ती वाईट वाटेल. नाशिक रोडला तिच्या घरावरच्या दोन खोल्यांत आई आणि मी कितीतरी वर्षं भाड्यानं राहिलो. नागपंचमीला पुरणाची दिंडं केली की पहिली वाटी वर यायची. आईला ती वहिनी म्हणायची, मी तिला काकू. तिची एकच अट होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. देवसुद्धा आम्ही फळीवर टेकवून ठेवले होते.

वडील नोटांच्या सरकारी प्रेसमध्ये होते. नोकरी होती तोवर क्वार्टर होतं. नोकरी संपली, क्वार्टर गेलं, आणि फार दिवस न लावता वडीलही गेले. मग आम्ही दोघीच. मी मुंबईत एका सरकारी ऑफिसात. पहाटेच्या गाडीनं जायचं आणि रात्री जेवायला घरी यायचं. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायला लोक मोकळे आहेत, सांगायला मी बांधलेली नाही.

आईचं हृदय थकत चाललं होतं. पायांवर सूज, चार पायऱ्या चढली की धाप. डॉक्टर म्हणाले, यावर आता करण्यासारखं फारसं नाही, औषधं चालू ठेवा आणि घरीच सुखात राहू द्या. मी गाडीत खिडकीकडं तोंड करून काय ते रडून घेतलं आणि घरी येऊन भाजी चिरायला बसले. पण खाली बातमी पोचलीच. एका रविवारी घरमालकीण वर आली. हातात वाटी नव्हती, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"तुला राग येईल," ती म्हणाली, "पण पोराचं लग्न ठरलंय. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त काढलाय. घरात कार्य आणि वहिनींचं हे असं. देव न करो, पण काही झालं आणि नेमकं पंचक असलं तर?"

पंचक म्हणजे काय हे आमच्याकडं पोराबाळांनाही माहीत असतं, पण ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. दर महिन्याला चार-पाच दिवस अशी नक्षत्रं येतात की त्या काळात घरात कुणी गेलं तर ते घर सोडावं लागतं. कुलूप घालून सहा महिने बंद. दिवा नाही, केर नाही, काही नाही. नाही सोडलं तर त्या घरात किंवा शेजारीपाजारी मागोमाग आणखी मरणं होतात म्हणे. ज्यांचा विश्वास नसतो तेही पाळतात, कारण शेजाऱ्यांचा असतो.

"काकू, आई जिवंत आहे अजून," मी म्हणाले. "आतल्या खोलीत आहे. ऐकू येतंय तिला."

"म्हणून तर हळू बोलतेय," ती म्हणाली.

ती खाली गेल्यावर मी फणफणले. लग्न पोराचं आणि मरण आमच्या माथी! कसल्या माणुसकीच्या गप्पा, आणि कसली ती दिंडं! आईनं सगळं ऐकून घेतलं. ती वणीची. जन्म नाशिक रोडला गेला तरी जिभेवरचं वणी गेलं नव्हतं.

"तिचं काय चुकलं नाय," ती म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर मीपण हेच बोलले असते. पण एक कर माझं. मला मरायला माझं घर दे. क्वार्टर सरकारचं, ह्या खोल्या हिच्या. आता मरायचं तरी दुसऱ्याला विचारून मरायचं का? लय झालं."

तिनं जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा मी आणीन ती. मी म्हणाले, देते.

घर पाहावं बांधून म्हणतात. बांधणं सोडा हो, नुसतं पाहून दाखवा. नाशिकमध्ये चांगल्या जागी घर घ्यायची माझी ऐपत नव्हती, आणि नोकरी गाडीशी बांधलेली. म्हणून मी दर रविवारी रुळाच्या कडेकडेनं हिंडायला लागले. सोबत एक एजंट. त्याच्या मोटारीत अत्तराचा असा भपका की इगतपुरी येईपर्यंत डोकं धरायचं. इगतपुरीला ऐन वैशाखात भिंतीला ओल होती. "मॅडम, हिल स्टेशन आहे," तो म्हणाला. आईच्या छातीला हिल स्टेशन काय करायचंय! घोटीला स्टेशन पाच मिनिटांवर असल्याचं पाटीवर लिहिलं होतं. ते खरंही निघालं, पण माझी गाडी त्या स्टेशनात थांबतच नव्हती. अस्वलीला एक भलीमोठी कमान, कमानीवर कारंज्याचं चित्र आणि कमानीच्या आत भाताचं खाचर. खाचरात गुडघाभर पाणी होतं, म्हणजे कारंज्याची निम्मी तयारी झाली होती म्हणायची. लहवितला घर बरं होतं, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या जागी खड्डा. वर फळी टाकलेली.

"लिफ्ट येणारच आहे," एजंट म्हणाला. "साहेब कधी येणार घर बघायला?"

"कुठले साहेब?"

"तुमचे... म्हणजे घरातले."

"घरात साहेब मीच," मी म्हणाले. त्यानंतर तो जरा कमी बोलायला लागला. बँकेतही तोच सवाल, फक्त तिथं तो कागदावर छापलेला होता.

शेवटी देवळालीला मिळालं. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तळमजल्याला, जुनं घर. मालक मुलाकडं पुण्याला राहायला निघाले होते. स्वयंपाकघर अंधारं, खिडकीसमोर कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडं रूळ. मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजायची. मी नाक मुरडलं. पण आईला रिक्षात घालून आणली, तर ती भिंतीला धरून हळूहळू सगळ्या खोल्या फिरली आणि मालकांना एकच विचारलं, "ह्या घरात कोण गेलंबिलंय का?"

मालक गडबडले. "नाही हो आजी. नातवाचं बारसं तेवढं झालंय."

"घे," आई मला म्हणाली.

दसऱ्याच्या आधी वास्तुशांत केली. तिथंही रामायण झालंच. पूजेला जोडपं लागतं, गुरुजी म्हणाले. कर्ज काढताना लागलं नाही, सह्या करताना लागलं नाही, पाटावर बसायला मात्र जोडपं! मी काहीतरी बोलणार होते, पण आईनं डोळे वटारले. मग चुलतभाऊ आणि त्याची बायको बसले, आणि मी माझ्याच घरात पाहुणीसारखी प्रसादाची ताटं भरत राहिले. गुरुजी गेल्यावर आईनं काय मागावं? हातोडी. स्वतःच्या हातानं खिळा ठोकायचा होता तिला. दोन घाव घातले आणि धाप लागून खाली बसली. उरलेलं मी ठोकलं. त्या खिळ्यावर कॅलेंडर लागलं, आणि ती कितीतरी वेळ त्याच्याकडंच बघत बसली होती.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले गेले. दारात खुर्ची टाकून ती दिवसभर बसायची. दार सताड उघडं. भाजीवाली, पोस्टमन, समोरची बाई, जो दिसेल त्याला आत ये म्हणायची. समोरच्या बाईशी तर तिचं असं जमलं की मी घरी यायचे तेव्हा त्यांची एकादशीची साबुदाण्याची वाटी आमच्याकडं आणि आमचं लोणचं त्यांच्याकडं. मला किल्ली न्यावीच लागायची नाही. पहाटे निघताना ती आतून कडी घालायची आणि रात्री मी गाडीतून उतरले की लांबूनच आमच्या दारातला उजेड दिसायचा. "माझ्या घरी बस की जरा," असं ती मलाच म्हणायची आणि हसायची.

होळीनंतर तिची तब्येत उतरली ती सावरलीच नाही. मी रजा टाकली. ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणलं. पलंग बाहेरच्या खोलीत हलवला, कारण तिला दार दिसायला हवं होतं. डॉक्टर घरी येऊन गेले आणि मला बाहेर अंगणात घेऊन म्हणाले, आता थोडेच दिवस. दवाखान्यात नेऊन हाल करू नका. इथं शांत आहेत त्या. मी डोळे पुसून आत आले. वाईट वाटत होतं, पण खरं सांगते, छातीत एक समाधानही होतं. तिनं मागितलं ते मी दिलं होतं. कुणाला विचारायचं नव्हतं आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कॅलेंडर मागितलं. मला वाटलं, एकादशी बघायची असेल. खिळ्यावरून काढून तिच्या पुढ्यात धरलं. चष्मा लावून, बोट फिरवत तिनं वाचलं. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"दुपारी पंचक लागतंय," ती म्हणाली. "मला दवाखान्यात टाक."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी ओरडले. मरणाच्या दारातल्या आईवर ओरडले, होय. "आई, वेड लागलंय का तुला? हे घर कशासाठी घेतलं मग? ह्याच्यासाठीच ना घेतलं?"

"घेतलंस, मी राहिले. झालं की."

"मी नाही मानत पंचकबिंचक!"

"तू नाय मानत. लोक मानत्यात." दम लागत होता, एकेक शब्द काढत होती. "आमच्या वणीला, आमच्याच आळीत, एक घर असं बंद पडलं. सहा महिन्यांनी उघडलं तर चौकट वाळवीनं खाल्लेली. ती गेली तर गेली, नवी बसवली. पण त्या घरची पोरगी कुणी केली नाय. त्यांच्या ओट्यावर कुणी बसलं नाय. मोठेपणी मी त्या रस्त्यानं गेले तरी लोक त्याला पंचकातलं घरच म्हणायचे. तू हायेस एकटी. रात्रीची येतेस. उद्या पडलीस, झडलीस, तर समोरच्यांनी दार उघडायला पाहिजे. आणि सहा महिने तू जाशील कुठं? परत भाड्यानं? हप्ता भरशील का भाडं भरशील?"

"नाही लावणार मी कुलूप. बघू कोण काय करतंय."

"हे बघ," ती म्हणाली, "मला नेईपर्यंत मी पाण्याचा घोट घेणार नाय."

आणि नाही घेतला. चमचा ओठांशी नेला की तोंड फिरवायची. माझा हट्टीपणा कुठून आला असं लोक विचारतात, तो असा तिकडून आला. मी चिडले, रडले, पाया पडले. माझा आवाज ऐकून समोरची बाई धावत आली. मला वाटलं, आता ही तरी तिला समजावेल. मी तिला सांगितलं काय चाललंय ते. तिनं आईकडं बघितलं, कॅलेंडरकडं बघितलं, आणि मग आमच्या उंबऱ्यात जिथं उभी होती तिथून एक पाऊल मागं सरकली. तिचं तिलाही कळलं नसेल.

"नेलेलं बरं ताई," ती हळूच म्हणाली. "घरात लेकरं आहेत हो सगळ्यांच्या."

आईनं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

मी ॲम्ब्युलन्स बोलावली. दोन माणसांनी तिला स्ट्रेचरवर घेतली. दाराबाहेर आल्यावर तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. मी पर्स, फाईल, पाण्याची बाटली असं सगळं सांभाळत दार लावून घेत होते, दाराला घालायला काही आहे का म्हणून बघत होते.

"कुलूप नको घालू," ती म्हणाली. "नुसतं ओढून घे."

नाशिक रोडपर्यंतच्या सगळ्या वाटेत तिचे डोळे मिटलेले होते. दवाखान्यात वॉर्डात कोपऱ्यातली खाट मिळाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडं सतत माणसं येत होती, कुणी शहाळं आणत होतं, कुणी फोनवर मोठ्यानं बोलत होतं. आईला ज्या बाजूला तोंड करून निजवलं तिथं दार नव्हतं, भिंत होती, हिरवा ऑइलपेंट. पाणी तिनं तिथं गेल्यावर मागितलं. दोन चमचे प्यायली. दुपार टळल्यावर मला खूण करून जवळ बोलावलं.

"लागलं का?"

"लागलं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. पळत येऊन गाडी मिळाली की माणसाचा चेहरा जसा सुटतो, तसा तिचा सुटला. असले चेहरे मी रोज सकाळी बघते, म्हणून मला ओळखता आला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. एका बाजूला सलाईन, दुसऱ्या बाजूला नर्स, मला उभं राहायला जागा पायथ्याशीच होती. म्हणून हातात हात वगैरे काही नाही, मी तिचा पाय धरून होते. शेजारच्या खाटेवर माणसं डबा खात होती. नर्सनं पडदा ओढला तेव्हा त्यांच्यापैकी एकानं घास हातातच ठेवला आणि थोड्या वेळानं पुन्हा खायला लागला. त्याचं तरी काय चुकलं?

तिला घरी न्यायचं, अंगणात ठेवायचं, असं माझ्या मनात होतं. चुलतभाऊ म्हणाला, पंचकात नको, इथूनच नेऊ. गुरुजींनी पंचांग बघून तेच सांगितलं. तिच्यासोबत पिठाचे पाच पुतळे जाळले, म्हणजे मागं कुणाला काही होऊ नये. अग्नी मी दिला. तेव्हा जोडपं लागलं नाही.

"वास्तूला काही दोष नाही," गुरुजी म्हणाले. "घरात नाही गेल्या ना."

"काकूनं घर वाचवलं," चुलतभाऊ आईबद्दल सगळ्यांना सांगत होता. दिवसांत जो येईल तो हेच म्हणायचा. बाई शहाणी, शेवटपर्यंत शुद्धीवर होती, लेकीचं घर वाचवलं. समोरच्या बाईनं तर तेराही दिवस दोन्ही वेळचा स्वयंपाक आणून दिला. उंबरा ओलांडून थेट आत यायची, माझ्यापाशी बसून रडायची, आणि मला माहीत होतं की ते रडणं खरं आहे. तिच्या हातचं जेवताना मला दर घासाला वाटायचं की ताट उचलून भिंतीवर फेकावं. फेकलं नाही. आई म्हणाली होती तसंच घडत होतं. दार उघडायला शेजारी होते.

तेराव्यानंतर घरमालकीण भेटायला आली. हातात वाटी होती. पोराचं लग्न पार पडलं होतं, सुनेला दिवस गेले होते. माझ्या पाठीवरून हात फिरवून ती रडली. मग डोळे पुसून घर बघितलं. स्वयंपाकघरात डोकावली, खिळ्यावरचं कॅलेंडर बघितलं, दारातल्या आईच्या खुर्चीत बसली.

"छान आहे गं घर," ती म्हणाली. "वहिनी सुखात राहिल्या इथं." आणि मग, अगदी मनापासून, काही लागेल असं बोलायचं मनातही नसताना म्हणाली, "शेवटी दवाखान्यातच गेल्या ना? मग आमच्याकडंच राहिला असता तरी काय बिघडलं असतं?"

माझी जीभ कुणाच्या बापाला भ्यालेली नाही. एजंटला, बँकेतल्या साहेबाला, टीसीला, सगळ्यांना मी जागच्या जागी उत्तर दिलेलं आहे. पण ह्या बाईला मी विचारलं, चहा घेणार का. ती म्हणाली, अर्धा कप.

रजा संपली. दुसऱ्या दिवशी पहाटे डबा भरला, चप्पल घातली, दार ओढलं आणि तशीच उभी राहिले. आत कडी घालणारं कुणी नव्हतं. गाडीची वेळ होत आली होती. आम्ही इथं आल्यापासून ह्या दाराला कधी कुलूप लागलंच नव्हतं, त्यामुळं घरात कुलूपच नव्हतं. समोरच्या बाईला उठवलं, तिच्याकडून एक जुनं मागून घेतलं आणि घातलं.

आता माझं स्वतःचं आहे. पहाटे घालते, रात्री काढते.